जिल्हा निवडला की तालुका, पीक निवडलं की बहार : फॉर्म आपोआप बदलायला काय वापरावं?

माणदेशी_शिवार

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद नोंदणीचा फॉर्म नीट करायचं काम माझ्याकडे आलंय. सोलापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतले शेतकरी आहेत. आत्ताचा फॉर्म आधी कुणीतरी पीएचपीत करून दिलेला आहे आणि त्यात जिल्हा निवडला की अख्खं पान पुन्हा लोड होतं, मग तालुके दिसतात, तालुका निवडला की परत लोड, मग गावं, आणि या भानगडीत वर भरलेलं नाव, मोबाइल, गट नंबर सगळं पुसलं जातं. गावागावात फिरून नोंदणी करणारी आमची पोरं अगदी वैतागलीत, शेतकरी समोर बसलेला असतो आणि त्याला तेच तेच तिसऱ्यांदा विचारायचं म्हणजे बरं दिसत नाही.

दुसरं म्हणजे पीक. डाळिंब निवडलं की बहार (फळं कुठल्या हंगामात धरली ते) विचारायचाय, ऊस निवडला की लागण कुठली ते, द्राक्ष असेल तर छाटणीची तारीख. आत्ता हे सगळे रकाने एकाखाली एक कायमचे उघडे आहेत त्यामुळे ऊसवाल्यालाही बहार विचारला जातो.

पीएचपी आणि मायएसक्यूएल बऱ्यापैकी येतं, जावास्क्रिप्ट कामापुरतं. होस्टिंग साधं, शेअर्डवालं. रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी शिकून घ्या असं एकाने सांगितलं पण एवढ्यासाठी ते लागतं का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं. नोंदणी खळ्यावर, बांधावर चालते आणि नेटवर्क यथातथाच असतं, तेवढं लक्षात घेऊन सांगा.

चावडीवरचा_कोडर

रिअ‍ॅक्ट अजिबात नको. साधा सिलेक्ट (यादीतून निवडायचा रकाना), त्याच्यावर चेंज इव्हेंट (निवड बदलल्याची सूचना) आणि नीट बांधलेला डेटा, एवढ्यावर हे काम होतं आणि नंतर दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तरी त्याला कळतं.

पण कोडच्या आधी डेटाचं बोलतो कारण अशा फॉर्मची गडबड बहुतेक वेळा तिथे असते. तुमच्या टेबलात तालुका नावाने साठवलाय का? साठवला असेल तर आधी ते बदला. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके आहेत आणि त्यात एकाच नावाचे किती निघतात बघा, कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही, खेड पुण्यातही आणि रत्नागिरीतही, मालेगाव नाशिकला आणि वाशिमला, कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. आज तीन जिल्हे आहेत म्हणून चाललंय, उद्या चौथा-पाचवा जोडला की नावावरून गावं मागवणारी क्वेरी दोन्हीकडची गावं एकत्र आणून ठेवेल. शिवाय नावं बदलतात. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, ज्यांनी नाव हीच ओळखीची किल्ली ठेवली होती त्यांना जुन्या नोंदी शोधून शोधून बदलाव्या लागल्या. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला कोड दिलेला आहे, तोच वापरा. ऑप्शनच्या व्हॅल्यूत कोड, दिसायला नाव. गावाच्या ओळीत तालुक्याचा कोड, तालुक्याच्या ओळीत जिल्ह्याचा कोड. कुठल्या जिल्ह्यात कुठले तालुके हे जावास्क्रिप्टमध्ये इफ-एल्स लिहून सांगायचं नाही, ते टेबलालाच माहीत असलं पाहिजे.

आता पानाचं. तीन जिल्ह्यांचे तालुके किती? सोलापूर ११, सांगली १०, सातारा ११. बत्तीस नावं आणायला सर्व्हरकडे जायची गरजच नाही, पान बनवतानाच पीएचपीतून जेसन (डेटा साध्या मजकुरात लिहायची पद्धत) करून पानात टाकून द्या. जिल्हा बदलला की त्या कोडचे तालुके गाळून घ्यायचे, तालुक्याचा सिलेक्ट रिकामा करायचा, पहिला ऑप्शन 'तालुका निवडा' आणि पुढे बाकीचे. नेटवर्क असो नसो, लगेच होतं.

गावं मात्र तीन-चार हजारांच्या घरात जातील, ती मागवून घ्या. आणि तिथेही दर वेळी डेटाबेसकडे जाऊ नका, गावं काय रोज बदलत नाहीत. एकदा स्क्रिप्ट चालवून तालुक्यागणिक एक जेसन फाइल तयार करून ठेवा, फाइलचं नाव म्हणजे तालुक्याचा कोड. तालुका निवडला की फेचने (पान न बदलता मागवून घ्यायची जावास्क्रिप्टची सोय) ती फाइल आणायची. कॅश-कंट्रोल हेडर नीट लावलंत तर एकदा आलेली फाइल ब्राउझर जपून ठेवतो, म्हणजे तुमचा मुलगा दिवसभर सांगोल्यात फिरत असेल तर सांगोल्याची गावं सकाळी एकदाच उतरतील.

अजून एक. फाइल बनवताना जेसन_एन्कोडला 'अनएस्केप्ड युनिकोड' हा फ्लॅग द्या, नाहीतर पीएचपी प्रत्येक देवनागरी अक्षराचं सहा बाइटचं एस्केप करून ठेवतं, जे साध्या यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. जीझिप (पाठवताना फाइल दाबून लहान करणं) चालू असेल तर फरक कमी होतो, पण फाइल उघडून डोळ्यांनी वाचता आली तर तपासायला बरं पडतं.

रानवाटा

एवढा खटाटोप कशाला, गूगल फॉर्म करा की. उत्तरानुसार पुढच्या सेक्शनला जायची सोय त्यात आहेच, फुकट आहे, डेटा शीटमध्ये येतो.

माणदेशी_शिवार

@रानवाटा, पिकासाठी ते चाललं असतं, मी विचार केला होता. पण तिथे प्रत्येक उत्तराला वेगळा सेक्शन लागतो, बत्तीस तालुक्यांचे बत्तीस सेक्शन आणि प्रत्येकात गावांची यादी हाताने भरायची म्हणजे अवघड आहे. आणि नोंदी कंपनीच्या आधीच्या डेटाबेसलाच जोडायच्यात, शेअर्सचा हिशोब तिथे आहे.

@चावडीवरचा_कोडर दादा, एकदम पटलं. आमच्याकडे तालुका नावानेच साठवलाय आणि त्यात कराड आणि कऱ्हाड अशा दोन्ही नोंदी आहेत. कऱ्हाड शोधलं तरी सगळे कऱ्हाड येत नाहीत, ते का ते कळलं नाही.

सर्व्हरखोली

ते कीबोर्डमुळे. 'ऱ्ह' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक नुक्तावाला र आणि हलंत, दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. कोड वापरायला यापेक्षा मोठं कारण नको.

मला दोन गोष्टी जोडायच्यात, दोन्ही सुटतात आणि मग चुकीचा डेटा गुपचूप आत शिरतो.

पहिली. पोराने तालुका सांगोला निवडला, फाइल यायला लागली, नेट मंद, तेवढ्यात लक्षात आलं की आटपाडी हवं होतं म्हणून त्याने जिल्हा सांगली करून आटपाडी निवडलं. आता दोन विनंत्या वाटेत आहेत आणि आधी निघालेली आधीच पोचेल असं काही नाही. आटपाडीची गावं आधी आली आणि मागून सांगोल्याची आली तर वर आटपाडी आणि खाली सांगोल्याची गावं असा फॉर्म तयार होतो आणि कुणाला कळतही नाही. संगणकावर कीबोर्डने बाण दाबत खाली गेलं तर क्रोममध्ये प्रत्येक पायरीला चेंज सुटतो, तिथे तर हे हमखास होणार. उपाय सोपा आहे : प्रत्येक नव्या विनंतीआधी जुनी रद्द करायची, त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये अबॉर्टकंट्रोलर आहे. रद्द झालेली विनंती कॅचमध्ये 'अबॉर्टएरर' म्हणून येते, ती सोडून द्यायची, तिच्यासाठी 'काहीतरी चुकलं' असा संदेश दाखवायचा नाही. जोडीला उत्तर आल्यावर गावं भरण्याआधी एकदा बघायचं की सिलेक्टमधला तालुका अजून तोच आहे ना.

दुसरी. ब्राउझरमध्ये कितीही नीट केलंत तरी सर्व्हरवर परत तपासा. गावाचा कोड घेऊन त्याचा तालुका आणि त्याचा जिल्हा खरंच आलेल्या तालुक्याशी-जिल्ह्याशी जुळतो का ही एक क्वेरी. खरं सांगायचं तर साठवायला गावाचा कोडच पुरेसा आहे, तालुका जिल्हा त्यावरून निघतो. ड्रॉपडाउन दिलाय म्हणजे दुसरं काही येणारच नाही असं धरून चालू नका, डेव्हलपर टूल्स उघडून व्हॅल्यू बदलायला कुणालाही येतं. क्वेरी अर्थातच पीडीओच्या (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंटने, म्हणजे व्हॅल्यू क्वेरीत न चिकटवता वेगळी देऊन.

आणि वरचा सिलेक्ट बदलला की खालचे सगळे रिकामे झालेच पाहिजेत, नुसता लगेचचा नाही. जिल्हा बदलला तर तालुका आणि गाव दोन्ही. बरेच फॉर्म फक्त तालुका बदलतात आणि गाव जुनंच राहतं.

भीमाकाठ

मी कोडिंगमधला नाही, कृषी विस्ताराच्या कामात आहे, फॉर्म भरून घ्यायची वेळ आमच्यावर येते म्हणून लिहितोय.

तालुक्यांची नावं सरकारी यादीतून जशीच्या तशी उचललीत तर शेतकऱ्याला त्याचा तालुका सापडत नाही. विट्याचा माणूस 'विटा' शोधतो, यादीत असतं खानापूर. वडूजचा माणूस वडूज म्हणतो, तालुका खटाव. दहिवडीचा माण, मेढ्याचा जावळी. आणि वाळवा तालुक्याचं ठिकाण इस्लामपूर, ज्याचं आता ईश्वरपूर झालं, तिथला माणूस तीनपैकी कुठलंही नाव सांगेल. तेव्हा दाखवताना खानापूर (विटा), खटाव (वडूज), माण (दहिवडी) असं दाखवा. कोड तोच राहू दे.

गावांच्या बाबतीत खुर्द आणि बुद्रुक पूर्ण लिहा, 'खु.' 'बु.' असं नको, मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर ते नजरेतून सुटतं आणि सातबारा भलत्याच गावाचा लागतो.

आता पिकाचं. डाळिंबाला आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार हे तीन द्या. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत धरतात, मृग जून-जुलैत, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरात. उसाला आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि चौथा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला), खोडवा विसरू नका. खोडव्याला लागणीची तारीख विचारून उपयोग नाही, मागचा ऊस तुटला कधी ते विचारायचं, म्हणजे तिथे अजून एक पायरी आली. द्राक्षाला दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, माल कधी येणार ते फळछाटणीच्या तारखेवरून कळतं म्हणून ती तारीख हवीच. कांद्याचा तुम्ही उल्लेख केला नाही पण सोलापुरात कांदा नाही असं कसं होईल, त्याला खरीप, रांगडा आणि उन्हाळी.

माणदेशी_शिवार

@भीमाकाठ साहेब, खूप खूप आभार, खोडव्याचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं आणि कंपनीच्या संचालकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले हेच तर आम्हाला हवं होतं.

आज जिल्हा-तालुका-गाव जुळवलं, पान लोड न होता चालतंय, अबॉर्टकंट्रोलरही लावला. आता पिकावर अडलोय. डाळिंब निवडलं की उसाचा भाग डिस्प्ले-नन करून लपवतो आणि डाळिंबाचा दाखवतो, दिसायला बरोबर दिसतं पण सबमिट दाबलं की काहीच होत नाही, एरर पण दिसत नाही, बटण नुसतं दबतं.

चावडीवरचा_कोडर

उसाच्या भागातल्या एखाद्या रकान्यावर रिक्वायर्ड (भरलाच पाहिजे अशी खूण) आहे. तो लपलेला आहे, रिकामा आहे, ब्राउझर तिथे थांबतो आणि 'हे भरा' असं दाखवायला रकानाच दिसत नाही म्हणून गप्प बसतो. कन्सोल उघडून बघा, 'नॉट फोकसेबल' असं काहीतरी लिहिलेलं असेल.

प्रत्येक पिकाचा भाग एका फील्डसेटमध्ये (रकान्यांचा गट करणारा टॅग) घाला. जे पीक निवडलेलं नाही त्या फील्डसेटला हिडन आणि डिसेबल्ड दोन्ही लावा. फील्डसेट डिसेबल केला की आतले सगळे रकाने आपोआप डिसेबल होतात, मग ते तपासलेही जात नाहीत आणि सर्व्हरकडेही जात नाहीत. एका ओळीत काम. रिक्वायर्ड काढा, परत लावा असलं काही करावं लागत नाही. फील्डसेटला डेटा-पीक अशा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये पिकाचा कोड ठेवा, पीक बदललं की सगळ्या फील्डसेटवरून एक लूप, ज्याचा कोड जुळला तो उघडा बाकीचे बंद. उद्या कांदा जोडायचा तर एक नवा फील्डसेट लिहायचा, जावास्क्रिप्टला हातसुद्धा लावायचा नाही.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. जिल्हा बदलला की तालुका-गाव पुसायचंच, कारण ते आता चूक आहे. पीक बदललं तर आतलं पुसू नका, राहू द्या. चुकून ऊसवर बोट पडलं आणि परत डाळिंबावर आलं तर भरलेला बहार तसाच सापडतो, आणि बंद फील्डसेट जात नाही त्यामुळे धोका काही नाही.

तिठ्यावरची_सायली

एचटीएमएक्स या छोट्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं नाव कसं नाही आलं अजून? पीएचपी येणाऱ्या माणसाला तेच सोयीचं आहे. सिलेक्टवर दोन-तीन अ‍ॅट्रिब्यूट लिहायचे, कुठल्या पत्त्यावर विचारायचं आणि आलेलं कुठे टाकायचं, बास. सर्व्हरने जेसन नाही तर तयार ऑप्शनच एचटीएमएलमध्ये पाठवायचे. सिलेक्ट असेल तर चेंज झाल्यावर ते स्वतःच विनंती पाठवतं, निवडलेली व्हॅल्यूही सोबत जाते. सगळं लॉजिक पीएचपीत एका ठिकाणी राहतं. सर्व्हरखोली यांनी सांगितलेली ती दोन विनंत्यांची शर्यत पण त्यात सिंकच्या अ‍ॅट्रिब्यूटने सुटते, जुनी टाकून नवी घे असं सांगता येतं. मी ऑफिसच्या कामात हेच वापरते आणि मला परत हाताने फेच लिहावंसं वाटत नाही.

चावडीवरचा_कोडर

@सायली ताई, एचटीएमएक्स मलाही आवडतं आणि ऑफिसमध्ये बसून भरायचा फॉर्म असता तर मीही तेच सुचवलं असतं. इथे बांधावरचं नेटवर्क आहे. त्यात प्रत्येक बदलाला सर्व्हरपर्यंत जाऊन यावं लागतं, तालुक्यालासुद्धा. माझं म्हणणं एवढंच की जे पानात आधीच बसवता येतं ते पानातच असावं आणि बांधावर कमीत कमी वेळा नेटकडे हात पसरावा लागावा.

तिठ्यावरची_सायली

हे मान्य. पण मग नेट अर्ध्यात गेलं तर काय दिसतं तेही करा. गावाचा सिलेक्ट फाइल येईपर्यंत डिसेबल ठेवा आणि त्यात 'गावं येत आहेत…' लिहा, फाइल नाहीच आली तर शेजारी 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण. फेच ४०४ किंवा ५०० आलं तरी एरर टाकत नाही, उत्तराचं 'ओके' आपण तपासायचं असतं, ते राहून जातं. आणि बदल झाल्याचं स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही कळावं म्हणून तो संदेश एरिया-लाइव्ह असलेल्या डिव्हमध्ये ठेवा, अँड्रॉइडचं टॉकबॅक तो वाचून दाखवतं.

ऑप्शन भरताना इनर-एचटीएमएलमध्ये नावं जोडून टाकू नका, न्यू ऑप्शन करून जोडा म्हणजे नावात काही वेडंवाकडं चिन्ह असलं तरी ते मजकूर म्हणूनच पडतं.

माणदेशी_शिवार

फील्डसेटने काम झालं! सबमिट होतंय. सायली ताई, 'पुन्हा प्रयत्न करा' बटणही घातलं, खूप उपयोगी आहे.

आता दोनच प्रश्न. एका शेतकऱ्याची दोन-तीन पिकं असतात, 'आणखी पीक जोडा' दाबलं की खाली तसाच अजून एक भाग यायला हवा. तो येतो, पण नव्या भागातलं पीक बदललं तर त्याचे फील्डसेट हलत नाहीत, पहिल्या भागाचे हलतात. आणि दुसरं, जुनी नोंद दुरुस्त करायला उघडली तर जिल्हा बरोबर येतो, तालुका आणि गाव मात्र रिकामं.

सर्व्हरखोली

पहिलं. तुम्ही आयडीने शोधताय, कॉपी केल्यावर तीच आयडी दोनदा झाली आणि ब्राउझर पहिलीच देतो. पिकाच्या भागात आयडी ठेवूच नका. एक टेम्प्लेट टॅग करा, त्यातून क्लोन काढा, आणि इव्हेंट प्रत्येक सिलेक्टवर न लावता बाहेरच्या मोठ्या डिव्हवर एकदाच लावा. चेंज वरपर्यंत येतो, तिथे इव्हेंटचं टार्गेट बघायचं, ते पिकाचा सिलेक्ट असेल तर क्लोजेस्टने (त्याला वेढणारा सगळ्यात जवळचा भाग देणारं फंक्शन) त्याचा भाग शोधायचा आणि फक्त त्या भागातले फील्डसेट उघडायचे-मिटायचे. नंतर जोडलेल्या भागांनाही ते आपोआप लागू होतं. लेबल मात्र फॉर-आयडीने जोडलेली असतील, ती रकान्याभोवती गुंडाळून टाका म्हणजे आयडी लागतच नाही. नावांना चौकटी कंसात क्रमांक द्या, पीएचपी सरळ अ‍ॅरे करून हातात देतं. मधला भाग काढून टाकला तर क्रमांकात खड्डा पडेल, पडू दे, सर्व्हरवर फॉरईचने फिरा, शून्यापासून मोजत जाऊ नका.

दुसरं. दुरुस्तीच्या पानावर तालुका आणि गाव हे दोन्ही सिलेक्ट पीएचपीनेच भरून, निवडलेला ऑप्शन सिलेक्टेड करून पाठवा. सुरुवातीचं चित्र सर्व्हरने काढायचं, जावास्क्रिप्टने फक्त बदल झाल्यावर हात घालायचा. पान उघडल्यावर खोटा चेंज सोडून गावं मागवायची आणि मग आपली व्हॅल्यू लावायची असं बरेच जण करतात, ते मंद नेटवर फसतं, गावं यायच्या आधीच व्हॅल्यू लागते आणि वाया जाते. पिकाच्या फील्डसेटचंही तसंच, कुठला उघडा ते पीएचपीतच ठरवा. आणि फायरफॉक्स पान रिफ्रेश केल्यावर आधीचे भरलेले रकाने जपून ठेवतो, त्यामुळे वर सांगली आणि खाली साताऱ्याचे तालुके असं दिसू शकतं, त्या तीन सिलेक्टना ऑटोकम्प्लीट ऑफ लावा.

भीमाकाठ

क्षेत्राचं एक राहिलं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, माणूस बोलतो एकर-गुंठ्यात. तिथेही एक छोटा ड्रॉपडाउन ठेवता आला तर चुका खूप कमी होतील, एकर निवडलं तर एकर आणि गुंठे असे दोन रकाने, हेक्टर निवडलं तर हेक्टर आणि आर. गुंठ्याचा रकाना ३९ च्या पुढे जाऊ देऊ नका, ४० गुंठ्याला एकर होतो. आर ९९ पर्यंत.

चावडीवरचा_कोडर

अगदी बरोबर, आणि हे त्याच फील्डसेटच्या युक्तीने होतं. फक्त एकक बदललं म्हणून आधी भरलेला आकडा परस्पर बदलून दाखवू नका, १ एकर २० गुंठे लिहिलेल्या माणसासमोर अचानक ०.६१ हेक्टर आलं तर त्याचा विश्वास उडतो. जे लिहिलं ते आणि एकक तसंच साठवा, बेरजेसाठी आरमध्ये करून वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर.

माणदेशी_शिवार

टेम्प्लेट आणि बाहेरच्या डिव्हवरचा इव्हेंट दोन्ही जमलं, तीन पिकं जोडून बघितली. दुरुस्तीचं पान उद्या पीएचपीतून भरून घेतो, क्षेत्राचा ड्रॉपडाउन त्याच्यासोबतच करतो. मग सांगोल्याच्या पोरांना आधी वापरायला देणार, त्यांच्याकडे डाळिंब आणि ऊस दोन्ही आहे त्यामुळे नीट घोळवून निघेल. सगळ्यांचे मनापासून आभार, काही अडलं तर याच धाग्यावर विचारतो.